बावीस पट्टे

दि. ४ मार्च

ती. बाबांस, भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायला बसले, कारण फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्याला तुम्ही बरं बरं म्हणता. पूर्वी फोन आई घ्यायची आणि माझं बोलणं तुमच्या कानाशी ओरडून सांगायची. आता ते होणे नाही. तेव्हा पत्रच बरं. निदान दोनदा वाचाल.

या पत्राच्या मागोमाग एक मोठं खोकं येईल. त्यात गायींच्या गळ्यात बांधायचे बावीस पट्टे आहेत आणि चपलांच्या खोक्याएवढी एक पेटी. पट्ट्याला काडेपेटीएवढी डबी आहे. गाय किती हिंडते, किती वेळ रवंथ करते, ते ही डबी दिवसभर टिपत राहते. माजावर आलेली गाय येरझाऱ्या घालते, दुसरीच्या पाठीवर चढू बघते, रवंथ विसरते. डबीला हे कळलं की पेटीवर लाल दिवा लागतो आणि खाली गायीचा नंबर उमटतो. दिवा सकाळी लागला तर संध्याकाळी डॉक्टरांना रेतनासाठी बोलवायचं, संध्याकाळी लागला तर दुसऱ्या सकाळी. बस, एवढंच. हे पट्टे आमच्याच कंपनीचे आहेत. ते कसे मिळाले हे तुम्ही कंपनीत कुणाला विचारायला जाऊ नका आणि मलाही विचारू नका.

आता खरं कारण. गेल्या आठवड्यात गुरांच्या डॉक्टरांचा मला फोन आला होता. तुम्हाला सांगू नका म्हणाले, म्हणून सांगते. नोव्हेंबरपासून आपल्या गोठ्यातल्या दोनच गायी गाभण राहिल्या आहेत. दरवर्षी या सुमाराला दहा-बारा असायच्या. ते म्हणाले की तुम्ही हल्ली बोलावतच नाही. एक माज हुकला की पुढचे एकवीस दिवस गेले, दुसरा हुकला की आणखी एकवीस. अशाने सगळा गोठा भाकड व्हायला वेळ लागत नाही. मी तुम्हाला हे सांगायचं म्हणजे लहान तोंडी मोठा घास, पण घेतला.

मी बरी आहे. काम पुष्कळ आहे. आई गेल्यावर पाचव्याच दिवशी मी निघून आले म्हणून आत्या अजून रागावलेली आहे असं कळलं. तिला सांगा, रजा नव्हती. (होती, बाबा. पण तिला नव्हती म्हणूनच सांगा.)

कळावे. चुकलंमाकलं पोटात घालावं आणि माया आहे तशी राहू द्यावी.

तुमची,
भिंगरी

*

दि. १७ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

खोकं पोचलं. चार दिवस ओट्यावर तसंच होतं. मग दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरने फारच चौकशी केली म्हणून उघडलं. पट्टे बांधायला त्यानेच मदत केली. बावीस गायींना दोन दिवस लागले. मास्तरीण त्याच्या पायावर उभी राहिली आणि तो कितीही ओरडला तरी हलेना. ती गाय सगळ्या गोठ्यावर छडी घेऊन फिरल्यासारखी वागते म्हणून तुझ्या आईने हे नाव ठेवलं होतं, ते काही उगाच नाही. आता ती नंबर तीन आहे. भुंडी नंबर आठ. बाकीच्यांचे नंबर मी दारामागे खडूने लिहून ठेवलेत.

पेटी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली आहे. तू पाठवलंस म्हणून ठेवली. एरवी माझं म्हणशील तर मी पस्तीस वर्षं नुसत्या नजरेवर गोठा चालवला, हे तुलाही ठाऊक आहे. डॉक्टरांना बोलावत नाही ते गायी माजावर येत नाहीत म्हणून. हवा असेल, चारा असेल, काहीही असेल. काही गायींना मुका माज असतो, वरून काही दिसतच नाही. डॉक्टरांना काय, गाडीवर टांग टाकून यायचं आणि जायचं.

माझी प्रकृती ठीक आहे. सकाळी उठतो, दूध काढतो, ड्रायव्हर येतो, कॅन चढवतो, शेण काढतो, दिवस जातो. शेजारीण परवा विचारत होती की मी अजून रडलो की नाही. मी म्हटलं, वेळ नाही मिळाला. ती बिचारी घाबरून निघून गेली. मी काही तिला उडवून लावलं नव्हतं. दात काढताना डॉक्टर सुई देतात तेव्हा गाल कसा होतो, आपलाच गाल आपण चावला तरी कळत नाही, तसं काहीसं सगळंच झालं आहे. दुखत नाही. तेव्हा काळजी नको.

आत्याला तुझा निरोप सांगितला. तिने विश्वास ठेवला नाही.

जपून राहा. आशीर्वाद आहेतच, वेगळे लिहायला नकोत.

तुझे,
बाबा

*

दि. ९ एप्रिल

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं, वाचून बरं वाटलं. पट्टे बांधलेत ते तर इथे मला दुसऱ्याच दिवशी दिसलं. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. पेटीत जे उमटतं ते आमच्या खोलीतही उमटतं. ही बारा टेबलांची खोली आहे. प्रत्येक टेबलावर संगणकाचा एक पडदा, आणि आम्ही दिवसभर गोठेवाल्यांचे फोन घेतो. कुणाचा पट्टा निसटलेला असतो, कुणाच्या गायीने डबी चावलेली असते. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे खाली जातात तेव्हा मी आपला गोठा उघडून बसते. बावीस रेघा. वर-खाली, वर-खाली.

बाबा, गायी माजावर येत आहेत.

तीन आठवड्यांत नऊदा दिवा लागला. भुंडी २२ तारखेला पहाटे पाचला अस्वस्थ झाली ती दुपारपर्यंत, रोजच्या दुपटीने चालली. नंबर चौदा २६ ला. नंबर सहा आणि अकरा एकाच सकाळी. या सगळ्यात मिळून डॉक्टर एकदाच आले, आणि तेही मास्तरणीसाठी, जी माजावर नव्हतीच! त्यांनीच मला फोनवर सांगितलं. तिच्या मानेला खरूज झालेली, आणि ती अर्धा दिवस खांबाला मान घासत होती. डबीला वाटलं बाई फारच उत्साहात आहेत. यंत्रच ते, त्याला खाज आणि माज यातला फरक दर वेळी कळतोच असं नाही. डॉक्टर म्हणाले, मला हसू आलं. तुम्ही हसलात का, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

पण उरलेल्या आठ वेळांचं काय? दिवा तर डोळ्यांसमोर लागतो. की डोळ्यांचंच काही झालंय? कान गेले तसे डोळेही अधू झाले असतील तर लपवू नका, तपासून घ्या. मोतीबिंदू म्हणजे काही गुन्हा नव्हे.

सोबत एक गंमत पाठवते. आमच्या कंपनीचं नवं माहितीपत्रक. पहिल्याच पानावर तुमचा फोटो आहे, गोठ्याच्या दारातला, मी मागे काढला होता तो. नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं होतं की गायींचं तुला काय कळतं. मी सांगितलं, माझे वडील जनावराकडे एकदा बघून ओळखतात, त्यांच्याकडून शिकले. साहेबांना ते इतकं आवडलं की पाच वर्षांनी छापलं. फोटोखाली लिहिलंय, पस्तीस वर्षांची नजर आता प्रत्येक गोठ्यात. दुधाच्या ड्रायव्हरला दाखवा, तो चार गावं फिरवून आणील.

इथे सगळे म्हणतात मी फार खंबीर आहे. तसं काही नाही. मी समोर येतो तो फोन घेते, एवढंच.

पत्र लवकर पाठवा. लोभ तर आहेच, उत्तराचीही सवय असू द्यावी.

तुमची,
भिंगरी

*

दि. २० एप्रिल

चि. भिंगरीस अ. उ. आ.

डोळे चांगले आहेत. सुईत दोरा ओवतो.

तू पाठवलेला कागद या पाकिटातून परत पाठवत आहे. ड्रायव्हरला दाखवला नाही. फोटो कुणाचाही छापा, माझा नको.

पेटी मी भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. जेवताना दिवा समोर यायचा. त्याचा उजेड पाण्याच्या भांड्यात पडायचा. आताही लागला की मी भिंतीवरचा उजेड बघतो, आणि जेवण संपवतो, आणि मग ताट धुतो. मग डॉक्टरांना फोन करायचा असतो हे मला माहीत आहे. करत नाही. का ते विचारू नकोस. आळस म्हण.

दुसरं म्हणजे, व्यापारी येऊन गेला. सगळ्या बावीस घेतो म्हणाला. १ जूनला ट्रक आणील. मी होकार दिला आहे. दूध आताच निम्म्यावर आलं आहे. पुढच्या हिवाळ्यापर्यंत गोठ्यात नुसती चारा खाणारी तोंडं उरतील, त्यापेक्षा आत्ता गेलेल्या बऱ्या. पट्टे काढून धुऊन तुला परत पाठवीन, म्हणजे कंपनीत तुला कुणी काही बोलायला नको.

तुला वाईट वाटेल. मलाही वाटायला हवं होतं. व्यापारी एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत होता, दात बघत होता, आणि मी शेजारी उभा राहून दुसऱ्याच कुणाचा गोठा विकला जातोय असं बघत होतो. त्याने चहा मागितला, मी केला. साखर घालायला विसरलो. तो तसाच प्यायला. माणूस भला आहे.

उन्हाळा सुरू झाला. पाणी पीत जा.

तुझे,
बाबा

*

दि. २९ एप्रिल

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

मला फार राग आला आहे असं लिहिणार होते. पण दोन दिवस वाट बघितली, राग काही येत नाही. तेव्हा तो आला आहे असं धरून पुढचं वाचावं.

पेटी तुम्ही भिंतीकडे वळवलीत. माझा पडदा मला वळवता येत नाही. १७ तारखेला नंबर चौदाचा माज पुन्हा आला, एकवीस दिवसांच्या हिशोबाने अगदी वेळेवर नव्हे, पण आला. सकाळी साडेसहाला रेघ वर चढली. मी इथे फोनवर एका गोठेवाल्याला पट्टा कसा घट्ट करायचा ते सांगत होते आणि समोर ती रेघ बघत होते. दुपारी वर, संध्याकाळी खाली. कुणी आलं नाही, गेलं नाही. दुसऱ्या दिवशी रेघ सरळ झाली, जसं काही घडलंच नाही. बाबा, मी अशा हजारो गायींच्या रेघा रोज बघते. या एका रेघेपुढे मला फोनवर काय बोलायचं ते सुचेना. त्या माणसाने तीनदा हॅलो हॅलो केलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

गायी विकायच्या तर विका. गोठा तुमचा आहे, पाठ तुमची दुखते, मी वर्षातून दोनदा येऊन शिकवणारी कोण? पण कारण सांगा. हवा नको, चारा नको, आळस तर मुळीच नको. जो माणूस तापातसुद्धा पहाटे चारला दूध काढायला उठायचा त्याला आळस हा शब्द शोभत नाही. आणि फोटो परत का पाठवलात? तेवढं तरी सांगा. मला वाटलं होतं तुम्हाला आवडेल. मी तो इतक्या हौसेने पाठवला होता, आणि गेल्या सहा महिन्यांत मी हौसेने केलेली ती एकच गोष्ट होती.

खरंखोटं काहीही असो, लिहा. उत्तराची वाट बघते. मुलगी म्हणून जो हक्क असेल तो आज वापरते.

तुमची,
भिंगरी

*

दि. ११ मे

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तू हक्काने विचारलंस म्हणून लिहितो. एकदाच लिहीन. पुन्हा यावर बोलणं नको.

गायींचा माज मी कधीच ओळखत नव्हतो.

लग्नानंतर पहिल्या दोन वर्षांत मी चार गायी भाकड करून ठेवल्या होत्या. माझ्या वडिलांनी मला खूप शिकवलं, पण मला ते दिसायचं नाही. चढाचढी चाललेली असली तर कुणालाही दिसतं. पण ते बहुतेकदा पहाटेचं, किंवा आपण गोठ्यात नसताना, नाहीतर होतच नाही. तुझी आई सकाळी बादल्या धुवायला गोठ्यात जायची. परत आली की चहा ओतता ओतता म्हणायची की आज ती तांबडी बघा, किंवा आज भुंडीसाठी डॉक्टरांना सांगा. मी फोन करायचो. डॉक्टर यायचे. गाय गाभण राहायची. ती म्हणाली आणि गाय गाभण न राहता उलटली असं पस्तीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं झालं असेल.

सुरुवातीला मी डॉक्टरांना सांगायचो की हिने सांगितलं. नंतर सांगेनासा झालो. मुद्दाम नाही. फोन मी करतो, मग बोलणारा मीच, असं होत गेलं. मग लोक विचारायला यायला लागले की तुमच्या गायी दर वर्षी वितात कशा. मीही सांगायला लागलो, त्याला नजर असावी लागते म्हणून.

तू शाळेत असताना दूध संघाने मला प्रशस्तिपत्र दिलं, आठवत असेल. काचेच्या चौकटीतलं. मी स्टेजवर पाच मिनिटं बोललो. म्हटलं, जनावर बोलत नाही, पण बघणाऱ्याला सगळं सांगतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझी आई दुसऱ्या रांगेत होती. तिनेही वाजवल्या. येताना मला वाटलं ती आता काही बोलेल. मी बोलणं तयार ठेवलं होतं, की पुढच्या वेळी सांगीन, विसरलो, गडबडीत राहिलं. ती म्हणाली, दुकानापाशी थांबा, बटणं घ्यायची आहेत. तिने बटणं घेतली. घरी आलो. झालं.

ती गेली त्यानंतर महिन्याभराने डॉक्टरांनी सहज विचारलं की काका, यंदा काही फोन नाही. मी म्हटलं, गायी माजावर नाहीत. त्याच क्षणी मला कळलं की मी काय म्हणालो. मी रोज गोठ्यात उभा राहतो. बावीस गायी दिसतात. बावीस गायींपलीकडे काही दिसत नाही.

मग तुझी पेटी आली. दिवा लागतो तेव्हा ती चहा ओतता ओतता सांगायची तसं वाटेल असं मला आधी वाटलं होतं. तसं काही वाटत नाही. काहीच वाटत नाही. फक्त एवढं कळतं, की जे पहिल्या दिवशी डबीला जमलं ते मला अजूनही जमलेलं नाही, आणि डॉक्टरांना फोन केला तर मास्तरणीच्या वेळी म्हणाले तसं ते पुन्हा म्हणतील, काका, नजर परत आली वाटतं. ते मला ऐकवणार नाही. म्हणून फोन करत नाही. म्हणून गायी विकतो. म्हणून फोटो परत पाठवला.

हे तुझ्या आत्यालाही ठाऊक नाही. कुणालाच नाही.

आशीर्वाद लिहायचे असतात म्हणून लिहितो. तू घ्यावेस की नाही ते तुझ्यावर.

तुझे,
बाबा

*

दि. २३ मे

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसच्या जिन्यात उभं राहून वाचलं. लोक वर-खाली जात होते, मी भिंतीला चिकटून उभी. एकदा वाचून घडी घातली, वर जाऊन चार फोन घेतले, मग परत जिन्यात येऊन वाचलं.

मी लहान असताना माझा शाळेचा डबा रोज उशिरा भरला जायचा. मी दप्तर पाठीवर घेऊन स्वयंपाकघरात उभी, आणि आई गोठ्याच्या फाटकाशी. बादल्या कधीच्या धुऊन झालेल्या असायच्या, ती नुसती उभी. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मी हाका मारायचे. ती हात वर करून थांब म्हणायची. एकदा मी तिला सगळ्यांसमोर म्हणाले होते की तू गोठ्यात जाऊन स्वप्नं बघतेस आणि मला रोज छडी खावी लागते. तुम्ही हसला होतात. तीही हसली होती. ती काय बघत होती ते मला कळलंच नाही, आणि ती स्वप्नं बघते हे काही मला तुम्ही सांगितलेलं नव्हतं. डोळे मलाही होते. मुलाखतीत मला विचारलं तेव्हा माझ्या तोंडून तुमचं नाव इतक्या सहज आलं. मी आठवून बघितलं, तुम्ही मला गायींबद्दल काय शिकवलंत? दूध काढायला, खूर साफ करायला. माजाबद्दल एक अक्षरही नाही. तरी मी तुमचंच नाव सांगितलं. म्हणजे या चोरीत मीही आहे.

परवा मी साहेबांकडे गेले. सांगितलं की माहितीपत्रकातला मजकूर चुकला आहे, नजर माझ्या आईची होती. ते म्हणाले, पाच हजार छापून झालीत, आणि वाचणाऱ्याला काय फरक पडतो. मग चांगुलपणाने विचारलं की आईचा फोटो आहे का, पुढच्या वेळी बघू. मी घरी येऊन शोधला. बाबा, माझ्याकडे आईचा गोठ्यातला एकही फोटो नाही. लग्नातले आहेत, वाढदिवसाचे आहेत. गोठ्यातले सगळे तुमचे. काढणारी मी.

तुम्हाला माफ करणं माझ्या हातात नाही. जिच्या हातात होतं तिने तक्रारच केली नाही, आणि ती का केली नाही याचा विचार मी सध्या करत नाही. नंतर करीन.

पण एक सांगते. थकलात म्हणून गायी विका, पाठ गेली म्हणून विका. लाज वाटते म्हणून विकू नका. आणि डॉक्टरांना फोन करताना नजर-बिजर काही बोलायची गरज नाही. दिवा लागला म्हणून सांगायचं. ते खरंच आहे, आणि सोपं आहे. १ जूनला फार दिवस नाहीत. काय ठरलं ते ट्रक यायच्या आधी कळवा, ट्रक गेल्यावर नको.

माया कमी झालेली नाही. तपासून बघितली.

तुमची,
भिंगरी

*

दि. १९ जुलै

चि. भिंगरीस अ. उ. आ.

मधे फक्त एक कार्ड टाकलं होतं, की ट्रक आला नाही. त्यावर तू बिचारीने किती वेळा फोन केलास, आणि मी किती वेळा बरं बरं म्हटलं. आता सविस्तर लिहितो.

व्यापाऱ्याला २९ मे रोजी नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, काका, शब्द दिला होतात. मी म्हटलं, हो, दिला होता. तो गेला. नको का म्हटलं ते मलाही नीट सांगता येणार नाही. त्या सकाळी दिवा लागला होता, सहा नंबरचा. भिंतीवर लाल उजेड पडला होता. मी पेटी सरळ केली आणि डॉक्टरांना फोन लावला. म्हटलं, दिवा लागलाय. ते बरं म्हणाले. एवढंच झालं.

डॉक्टर आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांचा हात गायीत होता, त्यामुळे त्यांना कुठे जाता येत नव्हतं. तेवढा वेळ मला पुरला. हात धुताना ते म्हणाले की त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. फोन माझा यायचा, पण माज किती वाजता सुरू झाला असं त्यांनी विचारलं की मी फोन बाजूला धरून आत हाक मारायचो, आणि मग वेळ सांगायचो. इतकी वर्षं मला वाटत होतं ते त्यांना ऐकू जात नाही. मी म्हटलं, मग तुम्ही कधी बोलला का नाहीत. ते म्हणाले, काकू बोलत नव्हत्या, मी कोण बोलणारा?

त्यानंतर आतापर्यंत अकरा गायी भरवल्या. ज्या सहांना सहा आठवडे झाले त्या काल तपासल्या. चार गाभण. भुंडी त्यात आहे. चौदा नंबरची उलटली. डॉक्टरांनी चार म्हणून सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिले. मी चांगलं झालं असं म्हटलं.

आता मुख्य गोष्ट. गेल्या रविवारी दूध संघाची सभा होती. या भागात पट्टे पहिल्यांदा माझ्याच गोठ्यात आले, म्हणून सचिवांनी मला अनुभव सांगायला उभं केलं. साठेक माणसं असतील. मी दिव्याचं सांगितलं, खाजेचं सांगितलं. ते हसले. मग मी म्हटलं की मागे याच जागी मी नजरेबद्दल बोललो होतो, ती नजर माझी नव्हती, माझ्या बायकोची होती. मी तेव्हा ते सांगितलं नाही, आणि ती असेपर्यंत सांगितलं नाही.

मला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. कुणीतरी खोकलं. मागच्या बाकावरच्या एका माणसाने हात वर केला आणि विचारलं की डबीतला सेल किती दिवस टिकतो. मी म्हटलं, पाच वर्षं. तो म्हणाला, ठीक आहे. मी खाली बसलो.

सभा संपल्यावर मी बाहेर नळावर पाणी पीत होतो, तिथे एक बाई आल्या. आठ गायींचा गोठा स्वतः बघतात म्हणाल्या. पट्टे घेणं त्यांना जमणार नाही. त्यांनी विचारलं की तुमच्या घरातल्या नक्की काय बघायच्या? कान की शेपूट, की गाय उभी कशी राहते ते, की डोळे? एखादी खूण सांगा, म्हणजे मीही बघीन.

मला सांगता आलं नाही. पस्तीस वर्षं मी तिला रोज विचारत होतो की आज कोण. कसं कळलं, हे एकदाही विचारलं नाही. त्यांना वाटलं मी आठवतोय. मग त्याच म्हणाल्या, असू द्या, आणि गेल्या.

चालत घरी आलो. दुपारचे दोन वाजले असतील. दारात चपला काढताना मला भूक लागली. खरी भूक, पोटात कळ येते तशी. आधी काय होतंय ते समजलंच नाही. कालचं उरलेलं पातेल्यात होतं ते उभ्यानेच खाल्लं, मग आणखी केलं आणि तेही खाल्लं.

त्या बाईंचा पत्ता मी सचिवांकडून घेऊन ठेवला आहे. आई काय बघायची त्यातलं तुला लहानपणचं काही आठवत असेल, अगदी बारीकसं का असेना, तर लिही. मी त्यांना पोचवीन. आठवत नसेल तर नाही म्हणून लिही, उगाच माझ्यासाठी काही जुळवू नकोस.

इकडे सर्व ठीक. तुझ्या मनात माझ्यासाठी जेवढं काही उरलं असेल तेवढं मला पुष्कळ आहे.

तुझे,
बाबा